उसनं बी सवाईनं परतायचं की बरोबरीनं? आणि घेताना बघायचं काय?

काळी_कसदार | ४ मे, रात्री ९:१२

रोहिणी लागायला तीन आठवडे उरलेत. आता आपल्या भागात बी इकडचं तिकडं व्हायला लागेल. खानापूर-बेळगावकडं भात आणि नाचणी, हुक्केरी-चिकोडीत मिरची, ज्वारी, कडधान्यं, बैलहोंगलकडं सोयाबीन. दुकानातल्या पिशवीवर काय लिहिलंय ते वाचता तरी येतं (कन्नड येत असलं तर). शेजाऱ्याच्या पोत्यावर काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून तीन प्रश्न टाकतो:

१. उसनं बी परत करताना सवाई द्यायची जुनी पद्धत आहे, म्हणजे पायली घेतली तर सवा पायली परत. काही गावांत आता बरोबरीनंच देतात. रास्त काय?

२. घेताना घरच्या घरी काय काय तपासता येतं?

३. कुठल्या पिकाचं बी बिनधास्त बदलावं आणि कुठल्याला हात लावू नये?

गोष्टी नकोत, नेमकं सांगा.

टोपी_फिरवणारा | ४ मे, रात्री ९:२०

आधी पायली कुणाची ते ठरवा. घेताना शिगोशीग आणि देताना हातफेर, ही आपल्याकडची खरी पद्धत.

अथणीचा_माळ | ४ मे, रात्री ९:४१

हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा बरोबर आहे. शीग लावलेली पायली आणि काठाला हात फिरवून सपाट केलेली पायली यांत चांगला मूठ-दोन मूठ फरक पडतो. धान्य जितकं बारीक तितकी शीग बसकी, म्हणून नाचणीला फरक कमी आणि तुसाच्या भाताला जास्त. त्यात पायली प्रत्येक गावची वेगळी. चार शेराची पायली असं म्हणायचं, पण शेरच सारखा नसतो. मापाचा वाद नको असेल तर घेताना आणि देताना तेच भांडं वापरा, किंवा सरळ काटा लावा.

जांबोटीकर | ४ मे, रात्री १०:३५

भाताचं सांगतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला धरून.

भात स्वतःच्याच परागानं धरतं, त्यामुळं शेजारच्या वाफ्यात दुसरा वाण असला तरी तीनेक मीटर अंतर सोडून आतलं बी धरलं की जातिवंत राहतं. म्हणून भाताचं बी बदलायला सगळ्यांत सोपं. तरी तीन-चार वर्षांत इंटाण घ्यावं तर त्यात इंद्रायणी निघते, आणि अंबेमोहरात लाल तांदूळ. याला पराग जबाबदार नाही. भेसळ चार ठिकाणांहून शिरते:

मळणी मशीन. आधीच्या शेतकऱ्याचं भात जाळीत, पंख्याच्या पेटीत आणि खालच्या चाळणीत अडकलेलं असतं. बियाण्याची मळणी करायची तर मशीन पाच मिनिटं रिकामी फिरवा, पेटी उघडून झाडा आणि पहिली बुट्टी खायच्या भातात टाका. त्याहून बरं म्हणजे बियाण्यापुरत्या पेंढ्या फळीवर झोडपा. पहिल्या तीन-चार झोडप्यांत जे गळतं ते पूर्ण पिकलेलं, जड. तेच बी. उरलेली पेंढी नंतर मशीनला.

तरव्याची जागा, म्हणजे रोपं करायचा वाफा. गेल्या वर्षी सांडलेलं भात तिथंच उगवतं आणि तुमच्या रोपात मिसळतं. तरवा टाकायच्या आठ-दहा दिवस आधी जागा भिजवा, जे उगवेल ते कुळवून काढा, मग बी टाका.

पोती. उलटी करून झटकल्याशिवाय बी भरू नका. शिवणीत दाणे राहतात.

चौथं म्हणजे आपला आळस. भेसळीची झाडं काढायला शेतात तीनदा फिरावं लागतं: फुटवे आल्यावर पानाचा रंग आणि उंची बघून, निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना (जे आठवडाभर आधी किंवा नंतर निसवतं ते परकं), आणि पिकताना दाण्याचा रंग, कुसळ बघून. मुळासकट उपटायचं. नुसती लोंबी तोडली तर फुटव्यातून पुन्हा येते.

म्हणून बी घ्यायचं तर दिवाळीच्या आसपास त्याच्या शेतात जाऊन उभं पीक बघावं. मे महिन्यात कणगीत हात घालून काय कळणार?

हुक्केरीकर | ५ मे, सकाळी ७:०५

@जांबोटीकर, एक नंबर. एक विचारतो, पोचट बी तरंगवून काढायला मिठाचं पाणी करतात, त्याचं माप किती धरता? इथं प्रत्येकजण वेगळं सांगतो.

जांबोटीकर | ५ मे, सकाळी ७:३०

१० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के. मीठ पूर्ण विरघळल्यावर बी ओता, हातानं ढवळा, वर तरंगतं ते पळीनं काढून कोंबड्यांना. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, नाहीतर मीठ कोंबाला मारतं. मग सावलीत २४ तास वाळवा. उन्हात टाकू नका. काहीजण मीठ दुप्पट करतात आणि निम्मं बी तरंगलं म्हणून रडतात. तुसाच्या, कुसळाच्या जुन्या वाणांचं बी मुळातच हलकं, त्यात चांगलं बी पण वर येतं.

बैलहोंगल_५५ | ५ मे, सकाळी ८:१६

भाताचं सगळं ठीक, पण हेच गणित सोयाबीनला लावायला जाऊ नका. सोयाबीनही स्वपरागाचं, वाण बिघडत नाही. बिघडते ती उगवण. दाण्याचं वरचं साल कागदासारखं पातळ, आणि कोंब अगदी त्याच्या खाली. पोतं ट्रॅक्टरवरनं आपटलं की आतला कोंब मोडतो, दाणा बाहेरून गुळगुळीत दिसतो आणि शेतात उगवत नाही.

घेताना हे विचारा:

मळणी किती फेऱ्यांवर केली? बियाण्याला ड्रम मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या वर नको. मजूर वाचवायला लोक मशीन जोरात पळवतात, डाळ पडते. पोत्यात तुटकी डाळ दिसली की समजा उरलेल्या दाण्यालाही मार बसलाय.

काढणी पावसात सापडली होती का? शेंगेत भिजून वाळलेल्या दाण्याला सुरकुती येते. तसलं बी नको.

थप्पी किती उंच होती? चार-पाच पोत्यांच्या वर गेली की खालचं बी दाबतं. आणि पोती सिमेंटच्या जमिनीवर थेट ठेवलेली नकोत, खाली फळ्या पाहिजेत.

बी कुठल्या वर्षाचं? सोयाबीन एका हंगामाचं. दोन पावसाळे बघितलेलं बी फुकट दिलं तरी घेऊ नका.

आणि वाणाचं नाव विचारा, कारण तांबेरा, पानावर तांबडे ठिपके पाडणारा रोग. जे.एस. ३३५ जुनं, लोकांना आवडतं, पण आपल्या कृष्णा-घटप्रभेच्या पट्ट्यात तांबेऱ्यापुढं टिकत नाही. धारवाड कृषी विद्यापीठाचं डी.एस.बी. २१ आणि कसबे डिग्रजचं फुले संगम (के.डी.एस. ७२६) तांबेऱ्याला बरे. फुले संगम महाराष्ट्राचं, तिथल्या अनुदानाचं बी घ्यायला तिथला सातबारा लागतो. म्हणून इकडं ते पाहुण्यारावळ्यांच्या हातूनच येतं. हीच आपली सीमेपलीकडची अदलाबदल.

टोपी_फिरवणारा | ५ मे, सकाळी ८:२५

बियाण्याला सीमावाद नाही म्हणायचा.

नवा_शेतकरी_१ | ५ मे, सकाळी ९:५०

एवढी कटकट कशाला? कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात अनुदानावर सीलबंद बी मिळतं. उतारा आणि आधार दाखवा, घेऊन या. शेजाऱ्याच्या पोत्यात नाक खुपसायची गरज काय?

चाडं_धरणारी | ५ मे, सकाळी १०:४०

नवा_शेतकरी भाऊ, सोयाबीन, संकरित मक्याला तुमचं बरोबर. पण कुळीथ, कारळे, पावटा, गावठी नाचणी, बेळगाव बासमती, अंतरसाल यांचं सीलबंद पाकीट केंद्रात दाखवाल का? जे वाण सरकारच्या यादीत आणि उत्पादनात असतात तेच तिथं येतात. ज्याला मागणी एका तालुक्यापुरती, त्याचं बी घरातच धरावं लागतं. मुळात अदलाबदल तिथंच चालते जिथं दुकानात काही मिळत नाही.

मका आणि संकरित ज्वारीचं घरचं बी मात्र कुणी देत असेल तर हात जोडा. संकराचं दुसरं पीक फुटतं: एक झाड कमरेएवढं, एक डोक्याच्या वर, कणसं निम्मी पोचट. त्यात देणाऱ्यानं फसवलेलं नसतं, संकराचा स्वभावच तो.

बैलहोंगल_५५ | ५ मे, सकाळी ११:०२

आक्काचं पटलं. तरी केंद्राचं बीसुद्धा उगवण बघूनच पेरा, सील म्हणजे देवाची शपथ नव्हे.

अथणीचा_माळ | ५ मे, दुपारी १:१५

उगवण तपासायची घरगुती रीत, कारण वर कुणीच लिहिली नाही.

पोत्याच्या वर-मध्ये-खाली अशा तीन ठिकाणचं मूठ-मूठ बी एकत्र करा. निवडू नका, डोळे मिटून १०० दाणे मोजा. चांगले-चांगले दाणे उचलले तर चाचणीला अर्थ राहत नाही. गोणपाटाचा हातभर तुकडा भिजवून पिळा, दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, दोन्ही टोकं सैल बांधा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण थबथबू देऊ नका. पाणी जास्त झालं की चांगलं बीसुद्धा कुजतं आणि देणाऱ्याला उगाच शिव्या बसतात. ज्वारी पाच-सहा दिवसांत, सोयाबीन सात-आठ, भात आठ-दहा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. नुसतं मूळ आलं आणि कोंब वाकडा, तर तो दाणा मेलेलाच धरा.

प्रमाणित बियाण्याला कमीत कमी उगवण लागते ती अशी: भात ८० टक्के, ज्वारी, तूर आणि मूग ७५, सोयाबीन आणि भुईमूग ७०, हरभरा आणि गहू ८५, मिरची ६०. घरच्या बियाण्यालाही तोच दंडक लावा. थोडी कमी आली तर बी वाढवा. एकरी ३० किलो सोयाबीन ७० टक्क्यांना धरतात. ६० आली तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. त्याच्याही खाली आली तर ते तेलाला पाठवा.

टोपी_फिरवणारा | ५ मे, दुपारी १:३०

म्हणजे नवरात्रात घट बसवतो तेच की. नऊ दिवसांत कुठलं धान्य उंच येतं ते आजी बघायची ते उगाच नाही.

अथणीचा_माळ | ५ मे, दुपारी १:३८

तंतोतंत. फक्त घटात मूठभर पसरतो, मोजत नाही. आणि रब्बीच्या तोंडावर येतं म्हणून शाळू-हरभऱ्याला कामाचं.

शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं निघालंय तर त्यातल्या मालदांडी वाणाचं बी धरायची रीत सांगून टाकतो. उभ्या पिकात फिरून शंभर कणसं खुणावून ठेवा, बांधाकडची सोडून. बांधाजवळच्या झाडाला जागा आणि अन्न जास्त, ते मोठं दिसतं पण तो गुण वाणाचा नसतो. एका कणसात साधारण ५० ग्रॅम दाणा, शंभरात पाच किलो. एकराला तीन-चार किलो पुरतात, उरलेलं अदलाबदलीला. पाच-दहाच टपोरी कणसं निवडायचा मोह होतो, तो टाळा. चार वर्षांत सगळं शेत एकाच वकुबाचं होतं आणि एका वर्षाच्या दुष्काळात एकदम बसतं. ज्वारीत थोडा परपराग चालतो, म्हणून जवळ संकरित ज्वारी असेल तर त्या बाजूचं बी घेऊ नका.

काणीची (दाण्याच्या जागी काळी भुकटी करणाऱ्या बुरशीची) कणसं दिसली तर खुडून पिशवीत घालून जाळा, शेतात झटकू नका. पेरताना किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं. आणि टारफुल्याच्या, म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या तणाच्या शेतातलं ज्वारीचं बी कुणी सोन्याच्या भावानं दिलं तरी नको. त्याचं बी धुळीएवढं, दाण्याला चिकटून येतं, आणि एकदा रानात आलं की वर्षानुवर्षं जात नाही.

मिरची_कोल्हार | ५ मे, दुपारी ४:२२

संकेश्वरी मिरचीवर कुणीच बोलत नाही. सगळ्यांत जास्त घोळ तिथं आहे. मिरचीत मधमाश्या आणि फुलकिडे पराग इकडचा तिकडं करतात. एकाच वाफ्याला संकेश्वरी, ढोबळी आणि तिखट लवंगी लावली तर पुढच्या वर्षी काय निघेल ते देवालाच माहीत. प्रमाणित बियाण्याला दोन वाणांत २०० मीटर अंतर लागतं. गुंठ्याच्या शेतकऱ्याला ते जमत नाही, म्हणून बियाण्याची दहा-बारा झाडं मच्छरदाणीखाली झाका. फुलं यायच्या आधी झाका. दर सकाळी दांडा हलका हलवला की आतल्या आत फळ धरतं.

फळ दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याचं. शेवटच्या तोड्याची फळं आखूड आणि बी कमी. झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, मग सावलीत सुरकुतेपर्यंत ठेवून वाळवा. बी काढताना हातमोजे घाला, आणि बाळाला घ्यायच्या आधी हात तेलानं चोळून मग साबणानं धुवा. नुसत्या पाण्यानं तिखट जात नाही.

हुक्केरीकर | ५ मे, दुपारी ४:५०

बरोबर. काकडी, दोडका, दुधीचं पण तसंच की. आदल्या संध्याकाळी मादी फुलाला दोरा बांधायचा, सकाळी सोडून नर फुलाचा पराग लावायचा, पुन्हा दोरा.

मिरची_कोल्हार | ५ मे, सायंकाळी ५:१०

काकडी आणि लाल भोपळ्याला सकाळ. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, ५ ते ८ च्या दरम्यान. सकाळी गेलात तर त्यांचं फूल कोमेजलेलं असतं आणि तुम्ही म्हणता हातानं लावून फळ धरत नाही. दोडक्याला दुपारी तीनच्या सुमारास कळीला दोरा बांधा, उमलायच्या वेळी सोडा, पराग लावा, परत बांधा, आणि देठाला रंगीत धागा, म्हणजे बियाण्याचं फळ ओळखू येईल.

दुधीचं आणखी एक, आणि हे गमतीत घेऊ नका. बियाण्याला ठेवायच्या फळाच्या देठाकडची चकती चाखून थुंका. कडू लागला तर ते फळ खाऊ नका, त्याचं बी धरू नका, कुणाला देऊ पण नका. कडू दुधीनं माणसं दवाखान्यात जातात, शिजवून कडूपणा जात नाही.

हुक्केरीकर | ५ मे, सायंकाळी ५:१४

चूक कबूल मावशी. दुधीला सकाळी जात होतो, म्हणूनच फळ गळायचं म्हणायचं.

निपाणीचा_पांथस्थ | ५ मे, रात्री ८:३०

तंबाखूचं बी बदलायचं तर चिमूट पुरते. एका ग्रॅमला दहा-अकरा हजार बिया. त्यामुळं कुणी वाटीभर मागत असेल तर तो पेरणार नाही, विकणार आहे.

काळी_कसदार | ५ मे, रात्री ९:०५

भरपूर मिळालं. साठवणीचं कुणी सांगेल का? कारण दिवाळीला चांगलं असलेलं बी मे महिन्यात भुंग्यानं पोखरलेलं मिळतं.

चाडं_धरणारी | ५ मे, रात्री ९:५५

पीक बघून.

नाचणी कणसासकट चुलीच्या वर टांगा. दाणा इतका बारीक की भुंग्याला आत राहायला जागाच नाही. वर्षानुवर्षं टिकते. मक्याची कणसं पण तशीच, पानं मागं वळवून जोडीजोडीनं.

कडधान्याचा भुंगा शेतातच लागलेला असतो. शेंगेवर अंडी घालून झालेली असतात, घरात ती फुटतात. म्हणून काढणी झाली की चांगलं कडक ऊन, आणि लगेच तेल. चवळी, मटकी, मुगाला किलोला ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा खायचं तेल, दोन्ही हातांनी चोळून प्रत्येक दाणा चकाकेल असं. अंड्याला हवा मिळत नाही, ते गुदमरतं. उगवण जात नाही. हरभऱ्याला राख चालते, पण चाळलेली, गार आणि बियाण्याइतकीच भरपूर. दोन मुठी राख शिंपडून काही होत नाही. राखेत भुंग्याला फिरताच येऊ नये एवढी पाहिजे.

भात कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात ठेवतात ते खायचं. बियाणं वेगळं ठेवा, मडक्यात, तोंडाला शेण-मातीचा लेप. कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर आधी पूर्ण वाळवा. ओला पाला म्हणजे मडक्यात तुम्ही स्वतः ओल घातली.

नवा_शेतकरी_१ | ५ मे, रात्री १०:२०

प्लास्टिकचा हवाबंद डबा आणला की झालं ना? मडकी-लेप कशाला?

चाडं_धरणारी | ५ मे, रात्री १०:३१

बी वाळलेलं असेल तर डबा मडक्यापेक्षा बरा. ओलसर असेल तर डब्यात ते उबतं आणि महिन्यात कुबट वास येतो. मडकं थोडा श्वास घेतं, म्हणून चूक पोटात घालतं. डबा घालत नाही.

वाळलंय का ते असं बघा: काचेच्या कोरड्या बाटलीत पाव भाग बी आणि दोन चमचे कोरडं मीठ. पाच मिनिटं हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर, अजून वाळवा. मीठ मोकळं राहिलं तर ओल त्याच्या खाली. मग दाताखाली घ्या, ‘कट्ट’ वाजून दोन तुकडे झाले पाहिजेत. चेपलं तर अजून एक ऊन.

जांबोटीकर | ६ मे, सकाळी ६:४८

आक्कांच्या वरच्या पोस्टला जोडून. ओल एक टक्का कमी झाली की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि गोदामाचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट, असा ठोकताळा आहे. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात हवाच ओली, म्हणून तिकडं चूल आणि धूर. अथणीच्या कोरड्या हवेत ज्वारी नुसत्या पोत्यात टिकते. त्यामुळं अथणीचं बी खानापुरात आणलं की पावसाळ्याच्या आत पेरून टाका, ठेवायला जाऊ नका.

रोगाचंही. खानापूरकडं भातात उदबत्ती रोग असतो: लोंबी सुटी न होता काळपट काडीसारखी ताठ बाहेर येते, अगदी उदबत्तीसारखी. तो बियाण्यातून जातो. ५४ अंशांच्या गरम पाण्यात १० मिनिटं बी बुडवलं की मरतो, पण थर्मामीटर नसेल तर करू नका, दोन-चार अंश वर गेले की बीच मरतं. सोपं काय, ज्या शेतात अशा काड्या दिसल्या तिथलं बी देऊ-घेऊ नका.

रताळ्याचं_रान | ६ मे, सकाळी ९:१५

बेळगावच्या पश्चिमेकडं, उचगाव, बेकिनकेरे, कुद्रेमानीकडं, रताळ्याचं बी म्हणजे वेल. त्याची अदलाबदल धान्यापेक्षा धोक्याची. भुंगा वेलाच्या बुडाला अंडी घालतो. म्हणून शेंड्याकडचाच तुकडा घ्यायचा, वीतभर किंवा थोडा जास्त, तीन-चार डोळ्यांचा. बुडाकडचा जाड वेल स्वस्तात मिळतो, घेऊ नका. वेल कापून दोन दिवस सावलीत पडू द्यावा, मुळं लवकर फुटतात. आणि रताळ्याला कीड लागलेल्या रानातला वेल फुकटसुद्धा नको.

काळी_कसदार | ६ मे, सकाळी ९:४०

नावांचा घोळ कसा सोडवता? परवा शेजारच्या वाडीतून ‘येळ्ळू’ सांगून मागवलं, आले तीळ, पाहिजे होते कारळे.

अथणीचा_माळ | ६ मे, सकाळी ९:५८

कारळ्याला कन्नडमध्ये गुरेळ्ळू, तिळाला नुसतं एळ्ळू. त्यातलं ‘गुर’ गिळलं की घोळ. बाकीचं पाठ करून ठेवा: तोगरी म्हणजे तूर, कडली म्हणजे हरभरा, हुरळी म्हणजे कुळीथ, अलसंदी म्हणजे चवळी, अवरे म्हणजे पावटा, अगसी म्हणजे जवस, रागी म्हणजे नाचणी. भाताच्या वाणाला तर नावच सांगू नका, चार लोंब्या घेऊन जा. एकाच नावाचे दोन आणि दोन नावांचा एक, असं दोन्ही चालतं.

निपाणीचा_पांथस्थ | ६ मे, सकाळी १०:२५

दुकानदार म्हणतो शेतकऱ्यानं बी विकणं कायद्यानं गुन्हा आहे. खरं?

बैलहोंगल_५५ | ६ मे, सकाळी ११:१०

नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातलं कलम ३९ बघा. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी साठवायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, बदलायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचं असलं तरी. फक्त तसलं बी ब्रँड करून, म्हणजे पाकीट-लेबल लावून विकता येत नाही. पोत्यातून पायलीनं द्या, कुणी काही करत नाही.

टोपी_फिरवणारा | ६ मे, सकाळी ११:१५

शिगोशीग की हातफेर, ते कलमात आहे का?

अथणीचा_माळ | ६ मे, सकाळी ११:५२

नाही, म्हणून मूळ प्रश्नावर येऊ. सवाई का लावायची ते हिशेबानं बघा.

मे महिन्यात तुम्ही २० किलो भात घेतलं, समजा १२ टक्के ओलीचं. त्यात सुका दाणा १७.६ किलो. तुम्ही परत देणार कार्तिकात, खळ्यावरनं थेट, ओल १८ टक्के. तेवढाच सुका दाणा द्यायला २१.५ किलो लागतात. म्हणजे दीड किलो तर नुसतं पाणी. त्यावर देणाऱ्यानं सहा महिने राखलं, वाळवलं, भुंग्यापासून वाचवलं, निवडलं, त्याचं काय? सवाईत २५ किलो येतात. पाणी वजा करून त्याच्या हाती साडेतीन किलोचा मोबदला. हे व्याज नव्हे, राखणीची मजुरी आहे.

बरोबरीनं द्यायचं तर परत देणाऱ्यानं बी वाळवून, निवडून, फाल्गुनात द्यावं. ओल्या खळ्यातलं बरोबरीनं देणं म्हणजे कमी देणं.

चाडं_धरणारी | ६ मे, दुपारी १२:३०

हिशेब पटला. एक भर: परतफेड त्याच वाणाच्या निवडलेल्या बियाण्यानं झाली तरच सवाई. बाजारातलं दुसरं भात आणून दिलं तर दिढी, म्हणजे पायलीला दीड पायली मागा. कारण समोरच्याच्या घरचा वाण तुटला, तो परत मिळवायला त्याला पुन्हा कुणाच्या तरी दारात जावं लागणार. आणि पीकच बुडालं तर त्या वर्षी मागू नये, पुढच्या वर्षी बरोबरीनं घ्यावं.

आणखी एक, सगळं बी एकालाच देऊ नका. थोडं-थोडं तीन घरांत द्या, तिन्ही वेगळ्या शिवारांत. तुमच्या ओढ्याकाठच्या खाचरात पूर आला तर माळावरच्या घरात वाण शिल्लक राहतो. देणाऱ्याचा खरा फायदा इथं आहे, सवाईत नाही.

काळी_कसदार | ६ मे, दुपारी १:०५

हे डोक्यात आलं नव्हतं. मग यंदा पोत्याच्या तोंडाला चिठ्ठी बांधायची ठरवतो: वाणाचं नाव (दोन्ही भाषांत), कुठल्या शिवारातलं, कुठल्या महिन्यात काढलं, मशीन की झोडपणी, शंभरात किती उगवलं, आणि परत कधी-किती. शाईनं नको, पेन्सिलीनं, ओलीत पसरत नाही.

जांबोटीकर | ६ मे, दुपारी १:२०

चिठ्ठी दोन करा. एक पोत्याच्या आत. बाहेरची उंदीर खातो.

मिरची_कोल्हार | ६ मे, दुपारी १:४४

चिठ्ठीवर शेजारी काय लावलं होतं ते पण लिहा. मिरची, काकडीला ते वाणाच्या नावापेक्षा महत्त्वाचं.

टोपी_फिरवणारा | ६ मे, दुपारी १:५०

आणि पायली कुणाची ते.

नवा_शेतकरी_१ | ६ मे, रात्री ८:१०

सगळं वाचलं. माझ्याकडं रागी, म्हणजे नाचणी, आहे, दोन पायली, कणसासकट टांगलेली, गेल्या कार्तिकातली. उगवण उद्या गोणपाटात लावतो. बदल्यात हुरळी पाहिजे. कुळीथ हो. कुणाकडं?

चाडं_धरणारी | ६ मे, रात्री ८:१६

आहे की. शंभर दाणे आधी मोजा, मग बोलू.